एका अॅक्सलच्या मालवाहू ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक बसवण्याबाबत

मॉनरोव्हिलकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असा एका अॅक्सलचा उघडा मालवाहू ट्रेलर आहे. त्याचा अॅक्सल ३५०० पौंडांचा आहे, परंतु चौकटीवरच्या पट्टीवर कमाल एकूण वजन २९९० पौंड असे छापलेले आहे आणि त्याला ब्रेक मुळीच नाहीत. रिकामा ट्रेलर काट्यावर ९४० पौंड भरला. वर्षाचा बहुतेक काळ तो पालापाचोळा, लाकूडफाटा आणि बागेची माती वाहतो, आणि त्या कामात ब्रेकची उणीव मला कधी जाणवली नाही. गणेशोत्सवात मात्र आमच्या मंडळाचे ढोल, ताशे, मंचाच्या फळ्या, त्यांखालचे लोखंडी घोडे आणि जनरेटर हे सगळे सामान रॉबिन्सनच्या गोदामातून मॉनरोव्हिलला न्यावे लागते, आणि तेव्हा ट्रेलरसकट वजन २८०० पौंडांच्या घरात जाते.

पिट्सबर्गचा रस्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी लिहितो. पश्चिमेकडून शहरात शिरताना ३७६ क्रमांकाचा महामार्ग ग्रीन ट्रीच्या टेकडीवरून फोर्ट पिट बोगद्याकडे बराच वेळ उतरत राहतो, आणि उतार संपतो तिथेच बोगद्यात शिरणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. गेल्या सप्टेंबरात भुरभुर पावसात मी त्या रांगेच्या शेपटाशी पोहोचलो. ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग उतरू लागला, पण मागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलत असल्यासारखा सलग रेटा येत राहिला, पायाखाली अँटिलॉक ब्रेकची थरथर सुरू झाली आणि पुढच्या गाडीपासून जेमतेम हातभर अंतरावर आम्ही थांबलो. सामान उतरवताना पाहिले, तर पुढच्या ओळीतल्या एका ढोलाचे पान कठड्याच्या कोपऱ्यावर आपटून फाटले होते. शेजारी माझी मुलगी बसली होती. त्या दिवसापासून हा ट्रेलर आहे त्या स्थितीत भरून न्यायचा नाही, असे मी ठरवले आहे.

माझी गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही आहे आणि तिची ओढण्याची क्षमता ५००० पौंड आहे. मात्र १००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत, असे तिच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे, आणि ते वाक्य मी इतकी वर्षे वाचूनही गांभीर्याने घेतले नव्हते, हे मान्य करतो. मागे कंपनीनेच दिलेले सात पिनांचे सॉकेट आहे. ट्रेलरला सध्या फक्त दिव्यांची चार तारांची चपटी जोडणी आहे.

आता प्रश्न असे. माझ्या अॅक्सलच्या टोकाशी ब्रेक बोल्टांनी जोडायची चौकोनी लोखंडी पट्टी, म्हणजे फ्लँजच, नाही, तेव्हा तो वेल्ड करून घ्यावा की अॅक्सलच बदलावा? विजेची जोडणी घरी करण्याजोगी आहे का? आणि ब्रेक बसल्यावर थोडे अधिक वजन भरता येईल का?

ओंटारियोकर यांचे उत्तर

आपण मुलीचा उल्लेख केलात म्हणून आधी तेच लिहितो. कायद्याने लागत नाहीत म्हणून ब्रेक नकोत, असे सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नका. आपल्याकडे पेनसिल्व्हेनियात ३००० पौंडांपुढे आणि आमच्याकडे ओंटारियोत १३६० किलोंपासून, म्हणजे जवळपास त्याच वजनाला, ट्रेलरला ब्रेक सक्तीचे होतात. ३५०० पौंडांच्या अॅक्सलवर उभ्या असलेल्या ट्रेलरला २९९० ची पट्टी का लागते, याचे उत्तरही त्यातच आहे. कागदावर वजन ३००० च्या खाली राहिले की निर्मात्याला ब्रेक द्यावे लागत नाहीत. ती पट्टी कायद्याची रेषा पाळते, ग्रीन ट्रीचा उतार काही तिला ठाऊक नसतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही असेच आहे. ब्रेक बसवल्याने निर्मात्याने ठरवलेले कमाल वजन बदलत नाही. चौकट, कपलर (गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसणारी ट्रेलरची जोडणी), टायर आणि स्प्रिंगचे पाटे हे सगळे त्या आकड्याशी बांधलेले असतात. उलट ब्रेकचे स्वतःचे वजन रिकाम्या ट्रेलरमध्ये मिळवावे लागते, म्हणून भरायचे सामान थोडे कमीच होईल.

आता फ्लँजविषयी. मी अनेक वर्षे वेल्डिंग केले आहे आणि तरीही आपल्याला पूर्ण अॅक्सल बदलण्याचाच सल्ला देतो. ब्रेकची मागची थाळी (बॅकिंग प्लेट) त्या फ्लँजवर चार बोल्टांनी बसते आणि तिच्यावरचे शू, म्हणजे घर्षणाचे अस्तर (लायनिंग) लावलेल्या कमानी, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला सगळीकडे सारखे टेकावे लागतात. त्यासाठी फ्लँज स्पिंडलशी, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या अॅक्सलच्या टोकाशी, अचूक काटकोनात, अचूक मध्यावर आणि टोकापासून ठरलेल्या अंतरावर हवा. एका परिचिताच्या ट्रेलरसाठी मी स्वतः असे फ्लँज जोडून दिले होते. गुण्या लावून पाहिले, चार ठिकाणी टाके मारले, पुन्हा मोजले आणि मगच पूर्ण शिवण घातली. तरीही उष्णतेने एका बाजूला सूतभर ओढ बसली. पहिल्या शंभर मैलांतच त्या चाकाच्या शूचे लायनिंग आतल्या कडेला झिजून बाहेरच्या कडेला नवे कोरे राहिले होते, आणि ड्रम दर फेऱ्याला एकदा खरडत असल्याचा आवाज येत होता. शेवटी तो अॅक्सल काढूनच टाकावा लागला. फ्लँज, बॅकिंग प्लेट, ड्रम, बेअरिंग आणि सील वेगवेगळे घेतल्यास जो खर्च येतो, त्यात शे-सव्वाशे डॉलर घातले की ब्रेकसकट तयार अॅक्सल मिळतो, आणि त्याचे फ्लँज कारखान्यात साच्यात धरून जोडलेले असतात.

मागणी नोंदवण्यापूर्वी तीन मापे घ्या. दोन्ही हबांच्या चाक टेकणाऱ्या पृष्ठभागांमधले अंतर, दोन्ही पाट्यांच्या मध्यांमधले अंतर, आणि चाकाच्या नटांची रचना, जी आपल्या ट्रेलरवर बहुधा साडेचार इंच वर्तुळावर पाच नट अशी असेल. अॅक्सलची नळी सरळ आहे की खाली वाकवलेली, हेही पाहा. सरळ दिसणाऱ्या अॅक्सललाही मधोमध वर किंचित बाक दिलेला असतो आणि भार पडल्यावर तो सपाट होतो. म्हणून वरची बाजू कोणती ते खडूने लिहून ठेवा, कारण उलटा बसवलेला अॅक्सल टायर आतून खातो. ३५०० पौंडांच्या अॅक्सलला १० इंच व्यासाचे आणि सव्वादोन इंच रुंदीचे ब्रेक येतात.

हे ब्रेक चालतात कसे, हे समजून घेतलेत तर पुढची बरीच कामे आपोआप उमगतील. थाळीच्या खालच्या बाजूला एका तरफेच्या टोकाशी चपटा विद्युतचुंबक (मॅग्नेट) असतो. गाडीतल्या कंट्रोलरकडून (ट्रेलरच्या ब्रेकला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या यंत्राकडून) वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट चकतीला चिकटू पाहतो आणि तिच्याबरोबर थोडा ओढला जातो. त्या ओढीने तरफ फिरते, पुढचा शू ड्रमवर दाबला जातो आणि तो आपल्याबरोबर मागच्या शूलाही रेटतो. म्हणजे दाबण्याची ताकद विजेपेक्षा चाकाच्या फिरण्यातून अधिक येते. याचाच दुसरा अर्थ असा, की उभ्या ट्रेलरला हे ब्रेक धरून ठेवत नाहीत. उतारावर ट्रेलर सोडवताना चाकांखाली लाकडी ठोकळे पूर्वीसारखेच लागतील. डावी आणि उजवी थाळी वेगळी असते हेही लक्षात ठेवा. आखूड लायनिंगचा शू दोन्हीकडे पुढच्या दिशेला यायला हवा.

ग्रीसबाबत एक सवय मात्र मोडावी लागेल. ब्रेक नसलेल्या हबमध्ये पंपाने भरपूर ग्रीस मारले तरी फारसे बिघडत नाही. आता तेच ग्रीस सील ओलांडून शूवर गेले, तर ते लायनिंग धुऊन वापरता येत नाही, शूच बदलावे लागतात.

श्टुटगार्टकर यांची विचारणा

चर्चा वाचून आश्चर्य वाटले. आमच्याकडे युरोपात ७५० किलोंपुढच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, परंतु या आकाराच्या ट्रेलरवर मी इलेक्ट्रिक ब्रेक पाहिलेले नाहीत. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकू पाहतो आणि जोडणीच्या दांड्यावरच्या त्या दाबानेच ब्रेक लागतात. गाडीत काहीही बसवावे लागत नाही. अमेरिकेत तो मार्ग का घेत नाहीत?

ओंटारियोकर

तो मार्ग इकडेही आहे. बोटींच्या आणि गाड्या वाहणाऱ्या भाड्याच्या ट्रेलरांवर तशीच, फक्त तेलाच्या दाबावर चालणारी व्यवस्था असते, कारण पाण्यात बुडणाऱ्या चाकांना वीज सोसत नाही आणि भाडेकऱ्याच्या गाडीत कंट्रोलर असेलच असे नाही. मॉनरोव्हिलकरांच्या बाबतीत मी इलेक्ट्रिकच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कंट्रोलरवरची हाताची कळ. ट्रेलर डोलू लागला तर गाडीच्या ब्रेकला हात न लावता एकट्या ट्रेलरचे ब्रेक त्या कळीने लावता येतात, त्यामुळे ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. रेट्यावर चालणाऱ्या ब्रेकला ते जमत नाही, कारण रेटा आल्याशिवाय तो लागतच नाही.

मेघना, क्लीव्हलँड

यांत्रिक बाजू ओंटारियोकर काकांनी नीट मांडली आहे, म्हणून मी फक्त विजेविषयी लिहिते. माझा व्यवसायच त्याचा आहे, आणि ट्रेलरांच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या बहुतेकींत ब्रेक उत्तम स्थितीत असतो आणि दोष पांढऱ्या तारेत सापडतो.

आपल्या चार तारांच्या जोडणीत ब्रेकसाठी तारच नाही, म्हणून ट्रेलरकडची संपूर्ण केबल सात पिनांची घ्यावी लागेल. तिच्यातली निळी तार कंट्रोलरकडून ब्रेककडे जाते, पांढरी अर्थिंगची आणि काळी गाडीच्या बॅटरीकडून येणाऱ्या बारा व्होल्टची. दिव्यांना चौकटीतून मिळणारे अर्थिंग पुरते, म्हणून पुष्कळ लोक ब्रेकलाही तेच देतात. तसे करू नका. एका १० इंची ब्रेकचा मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो आणि दोन्ही मिळून ६ च्या आसपास होतात. रंग आणि गंज यांतून वाट काढणारा परतीचा मार्ग एवढा प्रवाह नीट नेत नाही, आणि कपलर व गोळा यांच्या ग्रीस लावलेल्या सांध्यातून तर मुळीच नाही. मॅग्नेटच्या दोन तारांपैकी एक निळीला आणि दुसरी थेट पांढरीला जोडा. कोणती कुठे जाते याने फरक पडत नाही. तार १२ गेजची वापरा, सांधे डाख देऊन वर गोंदवाली आकुंचन नळी चढवा. डाव्या चाकाकडून उजवीकडे जाणारी तार अॅक्सलच्या नळीच्या आतून ओढण्याची पद्धत आहे. दिसायला ती सुबक असली, तरी आत तार हेलकावे खात खात नळीच्या कडेवर घासते आणि एक दिवस उघडी पडते. ती बाहेरून, पट्ट्यांनी आवळून न्या.

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात. वेळेवर चालणारा कंट्रोलर ब्रेकचा दिवा लागला की ठरलेल्या गतीने वीज वाढवत नेतो, मग आपण हळू थांबत असा की जोरात. दुसरा प्रमाणशीर असतो. त्याच्या आतला संवेदक गाडी किती वेगाने मंदावते आहे हे मोजतो आणि तेवढीच वीज देतो. आपल्या घाटासारख्या रस्त्यासाठी दुसराच घ्या, आणि त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या कोनाच्या मर्यादेत, प्रवासाच्या दिशेला अगदी समांतर असा घट्ट बसवा. सात पिनांचे सॉकेट आहे म्हणजे गाडीत कंट्रोलर आहे असे समजू नका. बऱ्याच एसयूव्हींत निळी तार डॅशबोर्डखाली मोकळी येऊन थांबलेली असते, आणि काळ्या तारेचा फ्यूज किंवा रिले काही गाड्यांत दिलेलाच नसतो. टेस्ट लॅम्पने तपासून घ्या.

याखेरीज ट्रेलरवर ब्रेकअवे संच बसवा. एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी, तिच्या पुढे एक स्विच आणि त्यातली पिन ओढणारी तारेची दोरी. ट्रेलर गाडीपासून सुटला तर पिन निघते आणि बॅटरी ट्रेलरचे ब्रेक लावून धरते. व्यावसायिक वाहनांच्या संघीय नियमात किमान १५ मिनिटे धरून ठेवण्याची अट आहे, तेच माप आपणही मानावे. ती दोरी गाडीच्या चौकटीला किंवा हिचच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा, सेफ्टी चेनला किंवा गोळ्याच्या दांड्याला नाही, कारण गोळा दांड्यासकट निघून आला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागची हलणार नाही. पिन ओढून चाचणी घेताना सात पिनांचा प्लग गाडीतून काढलेला असू द्या, नाहीतर बॅटरीची वीज उलट कंट्रोलरमध्ये शिरून तो जळू शकतो.

मॉनरोव्हिलकर

सर्वांचे मनापासून आभार. मेपासून तीन शनिवार-रविवार या कामात गेले, त्याचा वृत्तांत देतो आणि एक अडचण विचारतो.

काकांच्या सल्ल्याप्रमाणे ब्रेकसकट नवा अॅक्सल आणला. जुना काढताना यू बोल्टांचे नट गंजून एकजीव झाले होते, ते कापावेच लागले, म्हणून नवे यू बोल्ट आधीच आणून ठेवल्याचे समाधान वाटले. अॅक्सल बसवल्यावर कपलरच्या टोकापासून दोन्ही स्पिंडलांपर्यंत फीत लावून अंतर सारखे करून घेतले. थाळीच्या खालच्या फटीतून दातेरी चक्र फिरवत शू इतके आवळले की चाक हाताने फिरेना, आणि मग किंचित घासल्याचा आवाज राहील इतके सैल केले. चाकांचे नट टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळले आणि १०, २५ व ५० मैलांनंतर पुन्हा तपासले. दुसऱ्या तपासणीत दोन नट खरोखरच पाव फेरा फिरले.

त्यानंतर ओळखीच्या रिकाम्या रस्त्यावर ४० मैलांच्या वेगावरून २० पर्यंत, मध्ये गार होऊ देत, पंचवीस वेळा ब्रेक लावून शू बसवून घेतले. फरक पहिल्या पाच-सहा वेळांतच जाणवू लागला. अडचण अशी, की थांबून हात जवळ नेला तर डावा ड्रम चांगला तापलेला होता आणि उजवा जवळपास गार. शूचे आवळणे दोन्हीकडे पुन्हा तपासले, ते सारखेच आहे.

मेघना, क्लीव्हलँड

अॅमीटर निळ्या तारेत, म्हणजे दोन्ही चाकांकडे फाटे फुटण्याच्या आधी, जोडा आणि हाताची कळ पूर्ण सरकवून आकडा पाहा. ६ च्या आसपास आला तर दोष यांत्रिक आहे आणि काकांनी बोलावे. ३ च्या आसपास आला तर उजव्या मॅग्नेटला वीज पोहोचतच नाही. तसे असेल तर सांधे उकलण्याआधी उजव्या थाळीच्या मागे मॅग्नेटच्या तारा जिथून बाहेर येतात तिथे टॉर्च मारा.

मॉनरोव्हिलकर

मेघनाताई, आकडा ३.१ आला. टॉर्च मारल्यावर पहिल्या नजरेला काही दिसले नाही, परंतु तार हलक्या हाताने ओढताच तिचे एक टोक हातात आले. थाळी बसवताना ती तार फ्लँज आणि थाळी यांच्यामध्ये आली होती आणि बोल्ट आवळताना तिथेच चिरडली गेली होती. वरचे आवरण शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, अशी तिची अवस्था होती. मॅग्नेटची तार थोडी लांब असल्याने तिथेच कापून नवा सांधा केला आणि रबरी ग्रोमेट नीट बसवले. आता आकडा ६.२ येतो आणि दोन्ही ड्रम सारखे तापतात.

काल २७०० पौंड भरून ग्रीन ट्री उतरलो. बोगद्याच्या तोंडाशी रांग होतीच. गाडी आणि ट्रेलर एकत्र थांबले, मागून रेटा आला नाही, आणि ढोल जिथे ठेवले होते तिथेच होते.

ओंटारियोकर

फार बरे वाटले. दोनशे मैल झाले की शू एकदा पुन्हा आवळा, कारण नवे लायनिंग बसताना सुरुवातीला लवकर झिजते. पुढे दर ३००० मैलांनी पाहिले तरी चालेल. आपल्याकडेही आमच्यासारखेच हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून ट्रेलर उभा करण्यापूर्वी चाकांच्या आतल्या बाजूने साध्या पाण्याने थाळ्या धुऊन घ्या. दाबाचा फवारा सीलवर रोखू नका. ब्रेकअवेची बॅटरी काढून घरात आणा. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ट्रेलर दोन-चार हात पुढे-मागे ओढा. मॅग्नेट एकाच जागी टेकून राहिला तर ड्रमच्या चकतीवर त्याच्या आकाराचा गंजाचा डाग उमटतो, आणि वसंतात पहिल्या फेरीला ब्रेक दर फेऱ्याला तिथेच झटका देतो.